दाढेतली चांदी आणि तिचे कळकणे

दाढेत भरलेली चांदी ही चांदी असते म्हणून टिकते, हा समज दोन ठिकाणी चुकतो. एक तर त्या भरावात सर्वांत मोठा वाटा चांदीचा नसतो, पाऱ्याचा असतो. वजनाने जवळजवळ निम्मा. दुसरे म्हणजे तो भराव वर्षानुवर्षे जागा सोडत नाही, याचे एक मोठे कारण त्याच्या हळूहळू गंजत राहण्यात आहे. पुलांना, रुळांना, शेतीच्या अवजारांना गंज खातो. दाढेत मात्र दीड शतकाहून अधिक काळ तो कामाला आला. हे विधान ऐकायला उफराटे वाटते, म्हणून ते पुराव्यावर तपासले पाहिजे, आणि तपासायला नागपूर ही चांगली जागा आहे. येथे १९६८ साली शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय सुरू झाले. नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरपासून बालाघाट, छिंदवाडा आणि छत्तीसगडपर्यंतची माणसे येतात. असा रुग्ण दाढ भरून एकदा गावी गेला की पुन्हा कधी उगवेल, याची शाश्वती नसते. त्यामुळे भराव किती टिकतो, हा प्रश्न येथे प्रयोगशाळेतल्या कुतूहलाचा उरत नाही. तो एसटीच्या तिकिटाचा आणि बुडालेल्या मजुरीचा होतो. धातूच्या भरावाचा इतिहास याच बाजूने वाचला तर त्याच्या यशाचे श्रेय कोणाला द्यायचे आणि आता त्याला निरोप देताना काय सांभाळायचे, हे दोन्ही नीट कळते.

पारा आणि धातू एकत्र खलण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हती. रसशास्त्राच्या ग्रंथांत पाऱ्याच्या असंख्य प्रक्रिया आहेत, आणि सोन्याचा मुलामा चढवणारे कारागीर पाऱ्यात सोने विरघळवून, मग तापवून पारा उडवून लावत.   दात भरण्यासाठी पारा, चांदी आणि कथील यांचे मिश्रण वापरल्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख चीनमधला, सातव्या शतकातल्या एका औषधिग्रंथातला. आज आपल्या तोंडात आहे त्या भरावाची वंशावळ मात्र पॅरिसमध्ये सुरू होते. १८२०च्या दशकात ऑग्युस्त ताव्हो याने चांदीची नाणी कानशीने घासून त्यांचा कीस पाऱ्यात कालवला. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी तोच लगदा एका भारदस्त राजेशाही नावाखाली न्यूयॉर्कमध्ये विकायला काढला. दाढेतली कीड न काढता ते त्यावर लगदा चेपत. पुढे भराव फुगे, दात तडके, आणि दोष पाऱ्यावर येई. सोन्याचा पत्रा ठोकून दात भरणाऱ्या प्रतिष्ठित दंतवैद्यांनी संताप केला. १८४० मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या अमेरिकन संघटनेने १८४५ मध्ये सभासदांकडून अमाल्गम, म्हणजे पाऱ्याचा हा मिश्रधातू, न वापरण्याची शपथ मागितली. त्या शपथेपायी संघटनाच १८५६ मध्ये मोडली, अमाल्गम राहिले. ते राहिले, कारण ते स्वस्त होते आणि ओल्या तोंडात, थोड्या वेळात, बेताच्या कौशल्याने भरता येत होते. पुढच्या सगळ्या कथेत हीच तीन कारणे पुन्हा पुन्हा भेटतील.

नाण्यांच्या किसाची अडचण अशी, की नाणे बदलले की भराव बदलणार. कंपनी सरकारच्या १८३५च्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग मिश्रधातू असे. त्याच काळात भोसल्यांच्या राज्यात नागपुरी रुपया चालत होता.  असे वेगवेगळ्या कसाचे रुपये शेजारी शेजारी चालत, तेव्हा सराफाला बट्ट्याचा हिशेब ठेवावा लागे. दंतवैद्याला तो हिशेब ठेवताच येत नव्हता. चांदी जास्त झाली की घट्ट होताना भराव प्रसरण पावतो, कथील जास्त झाले की आकसतो, आणि दाढेच्या खड्ड्यात केसाच्या जाडीच्या अंशाएवढा फरकही कळ आणायला पुरतो. हा गोंधळ शिकागोच्या ग्रीन व्हार्डीमन ब्लॅक यांनी मिटवला. त्यांनी मोजमापाची उपकरणे स्वतः घडवली, वेगवेगळे मिश्रधातू घेऊन प्रसरण-आकुंचन तपासले आणि १८९५च्या सुमारास प्रमाण ठरवून दिले : भुकटीत साधारण दोन तृतीयांश चांदी, पाव भागाहून थोडे अधिक कथील, पाचेक टक्के तांबे आणि एखादा टक्का जस्त. याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी खड्डा कसा कोरायचा, हे शिकवले. अमाल्गम दाताला चिकटत नाही. खड्ड्याचे तोंड अरुंद आणि तळ किंचित रुंद ठेवला, तर ते आपल्या आकाराने अडकून राहते. १९२९ मध्ये अमेरिकेत या भुकटीचे मानक ठरले, आणि ब्लॅक यांचे सूत्र थोड्या फरकाने जवळजवळ सत्तर वर्षे जगभर चालले. नागपुरात दंतशिक्षण सुरू झाले, तेव्हा जगभरच्या दंतचिकित्सेवर याच जुन्या, कमी तांब्याच्या अमाल्गमची छाप होती.

आता गंजाकडे वळू. पारा आणि भुकटी खलली की तीन गोष्टी उरतात : चांदी-कथिलाचे न विरघळलेले मूळ कण, त्यांना धरून ठेवणारी चांदी-पाऱ्याची जाळी, आणि कथील-पाऱ्याचा एक कमजोर घटक. या तिसऱ्याला धातुशास्त्रज्ञ गॅमा-टू म्हणतात. तो मऊ असतो आणि तोंडात सर्वांत आधी तोच झिजतो. लाळेत क्लोराइड असते. भराव आणि दात यांच्यामधल्या फटीत प्राणवायू कमी पोहोचतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर जास्त. एकाच धातूच्या तुकड्याला दोन ठिकाणी वेगळी परिस्थिती मिळाली की त्याचा एक छोटा विद्युतघट होतो, आणि फटीतला भाग विरघळू लागतो. समोरच्या दाढेवर सोन्याची टोपी असेल तर हा घट आणखी जोरात चालतो. दोन्ही धातू एकमेकांना टेकताच काही जणांना झिणझिणी येते ती त्यामुळेच. गॅमा-टूमधले कथील असे बाहेर पडते आणि त्याची ऑक्साइडे व क्लोराइडयुक्त क्षार त्या फटीतच साचतात. नवा भराव आणि दात यांच्यात दहा-पंधरा मायक्रॉनची फट असते, जंतूंना आत शिरायला ती भरपूर आहे. काही महिन्यांत ही फट गंजाच्या गाळाने बुजते. दंतवैद्याने जे केले नाही आणि करूही शकला नसता, ते काम हा गाळ करतो. भराव जितका जुना, तितकी त्याच्या कडेने होणारी गळती कमी, असे निरीक्षण पुन्हा पुन्हा आले. दात भरण्याच्या बाकी बहुतेक साहित्याची चाल याच्या उलट असते.

येथे एक गफलत टाळली पाहिजे. जुना भराव काळा दिसतो ते वेगळे, आणि तो फटीत गंजतो ते वेगळे. काळेपणा हा बहुतांशी चांदी आणि गंधक यांच्या संयोगाचा पातळ पापुद्रा असतो. कांदा, लसूण, अंडी आणि तोंडातले जंतू यांच्याकडून गंधक मिळत राहते. देवघरातले निरांजन काळवंडते तोच हा प्रकार, आणि तितकाच निरुपद्रवी. खरी झीज डोळ्यांना दिसत नाही. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, लोकांच्या अजब बंगल्यात, बालाघाटजवळच्या गुंगेरियाच्या ठेव्यातल्या वस्तू आहेत. १८७० मध्ये सापडलेल्या त्या ठेव्यात ४२४ तांब्याची अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. दाढेच्या भरावातलेच हे दोन धातू जमिनीत हजारो वर्षे राहिले, त्यांच्यावर पुटे चढली आणि ते शाबूत हाती आले. पृष्ठभागावर घट्ट बसलेले पुट आतल्या धातूला राखते. सुटून जाणारे किंवा विरघळणारे पुट त्याला खाऊन टाकते. म्हणून धातू गंजला की नाही यापेक्षा गंजाचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारायचा असतो. मोकळ्या पृष्ठभागावरचा गंज लाळ धुऊन नेते. फटीतला गंज तिथेच अडकतो, आणि अडकतो म्हणून उपयोगी पडतो.

यावर कोणी म्हणेल, मग जितका गंज अधिक तितका भराव चांगला म्हणायचा की काय? तसे नाही, आणि हा आक्षेप रास्त आहे. गॅमा-टू झिजताना त्यातला पारा मोकळा होतो आणि उरलेल्या मूळ कणांशी पुन्हा संयोग पावतो. त्यामुळे भराव कडेपाशी फुगून किंचित वर येतो, आधार नसलेली ती कड चावताना तुटते, आणि भोवती चर पडतो. डेन्मार्कच्या यॉर्गेनसेन यांनी १९६५ मध्ये हे स्पष्टीकरण मांडले. त्याच सुमारास, १९६३ मध्ये, कॅनडात इन्स आणि युडेलिस यांनी भुकटीत तांबे वाढवून पाहिले होते. तांबे कथिलाला आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे गॅमा-टू बनतच नाही किंवा नगण्य उरतो. १९७०च्या दशकात मिशिगनच्या आस्गर यांनी एकाच जातीच्या कणांची जास्त तांब्याची भुकटी आणली आणि जुने सूत्र मागे पडले. नवे भराव कडेला कमी तुटतात, दाबाखाली कमी पसरतात, अधिक टिकतात. पण किंमत मोजावीच लागली : गंज कमी, म्हणून फट बुजायला काही महिन्यांऐवजी वर्ष-दोन वर्षे लागू लागली, आणि मधल्या काळासाठी खड्ड्याला वार्निश लावण्यासारखे उपाय करावे लागले. म्हणजे गंज पूर्ण काढून टाकण्यात यश नव्हते, तो बेताचा ठेवण्यात होते. कल्हईवाला पितळी पातेल्यात ताक कळकू नये म्हणून कथील चढवतो. दाढेत मात्र कथिलालाच थोडे कळकू द्यायचे आणि तांब्याने त्याला आवर घालायचा, असा हा उलटा व्यवहार आहे. आणि हा तोल रसायनाइतकाच हातावर अवलंबून होता.

हाताची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण टिकाऊपणाच्या चर्चेत ती नेहमी मागे राहते. कुपीत मोजून मिळणारे अमाल्गम येण्याआधी पारा आणि भुकटी काचेच्या खलात बत्त्याने घोटत. लगदा झाला की फडक्यात बांधून पिळत, जादा पाऱ्याचे थेंब निघत, आणि मग तो गोळा तळहातावर मळायची रीत होती. पारा किती राहिला हे पिळणाऱ्याच्या बोटांवर ठरे. पारा जास्त राहिला की कमजोर घटक जास्त, आणि भरावाचे आयुष्य कमी. अमेरिकेत विल्मर ईम्स यांनी १९५९ मध्ये पारा आणि भुकटी समसमान घेऊन पिळण्याची पायरीच काढून टाकली. तळहातावर मळण्यात आणखी एक खोड दडलेली होती. भुकटीत जस्त असेल आणि त्याला ओल लागली तर हायड्रोजन वायू तयार होतो, आणि चार-पाच दिवसांनी भराव आतून फुगू लागतो. घामात पाणी आणि मीठ दोन्ही असते, म्हणून उघड्या हाताने मळू नये, असे पाठ्यपुस्तके बजावत आली. नागपुरात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा ती सूचना किती गरजेची असेल, हे वेगळे सांगायला नको. इतके सारे बिघडण्याची शक्यता असताना अमाल्गम टिकले, याचा अर्थ ते निर्दोष होते असा नाही. चुका करूनही बहुधा काम निभे. ओल्या तोंडात, घाईत, रांगेत बसवलेला भरावही बरा निघे. चुका पोटात घालण्याचा हा गुण चांदीचा नव्हे. तो खड्ड्याच्या आकाराचा आणि फटीतल्या गंजाचा गुण आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि विदर्भातल्या तोंडांत ते अधिक खरे ठरते.

भराव बिघडला की नागपूरकर आधी संत्र्यावर संशय घेईल. तो चुकीचा आहे. संत्र्याचे आम्ल दाताच्या एनॅमलला जितके लागते त्याच्या मानाने अमाल्गमला फारसे लागत नाही. संशय घ्यायचाच तर खऱ्र्यावर घ्यावा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून बनणारा खर्रा विदर्भात चौकाचौकांत मिळतो. सुपारी दिवसभर चघळली की दात आणि भराव दोन्ही घासले जातात, कडा तुटतात. त्याहून वाईट म्हणजे सुपारीने गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते, सबम्युकस फायब्रोसिस जडतो आणि तोंड दोन बोटे उघडणेही कठीण होते. अशा तोंडात मागची दाढ पूर्ण कोरडी ठेवून, थर-थर देत, प्रत्येक थरावर दिवा धरून दातरंगी कंपोझिट भरणे जवळपास अशक्य. दुसरी गोष्ट पाण्याची. यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. पिण्याच्या पाण्यातले फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढायची नलगोंडा पद्धत नागपुरातच, आजच्या नीरी या संस्थेत, १९७०च्या दशकात विकसित झाली. फ्लोराइडने डागाळलेले एनॅमल आम्लाने खरखरीत करायला नेहमीपेक्षा अवघड जाते, आणि कंपोझिटची पकड तर त्या खरखरीतपणावरच असते. अमाल्गमला या पकडीची गरजच नव्हती. नागपूरच्या एखाद्या सुसज्ज खासगी दवाखान्यात हे अडथळे ओलांडता येतात. दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा म्हणजे रबर डॅम, चांगला दिवा, हाताशी सहायक आणि एका दाढेसाठी पाऊण तास असला की झाले. सरकारी दवाखान्यात यातली प्रत्येक गोष्ट मागून घ्यावी लागते.

आता सर्वांत मोठा आक्षेप. पारा विष आहे. मग टिकाऊपणाची ही सगळी तरफदारी कशाला? याचे उत्तर तोंडाच्या आत एक आणि तोंडाबाहेर दुसरे आहे. भरावातून चावताना वाफ निघते, पण ती दिवसाला काही मायक्रोग्रॅम. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातली ५३४ मुलांची, दुसरी लिस्बनमधली ५०७ मुलांची. पाच ते सात वर्षे पाठपुरावा करूनही अमाल्गम भरलेल्या आणि कंपोझिट भरलेल्या मुलांच्या बुद्धीत, स्मृतीत, मज्जासंस्थेत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. एवढ्यावरून धोका शून्य आहे असे म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांच्यात हा भराव टाळायची सूचना झाली. पण धडधाकट माणसाने तोंडातला शाबूत भराव विषाच्या भीतीने उकरून काढणे शहाणपणाचे नाही. काढताना जी वाफ आणि भुकटी उडते ती त्या भरावाने तेवढ्या वेळात एरवी सोडली असती त्याहून कितीतरी जास्त. पाऱ्याची खरी झळ बसत असे ती खल घोटणाऱ्या हातांना. बंद खोलीत वर्षानुवर्षे सांडलेले थेंब, फरशीच्या फटींत जिरलेला पारा आणि हातमोज्यांविना केलेले काम, याचा हिशेब कुणी रुग्णाइतक्या आस्थेने मांडला नाही.

तोंडाबाहेरचे उत्तर अधिक गंभीर आहे, आणि तेथे मी अमाल्गमची बाजू घेणार नाही. उरलेला लगदा आणि जुन्या भरावाची भुकटी थुंकीच्या नळीतून गटारात गेली, तर नागपुरात ते गटार बहुधा नाग नदीला मिळते. नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे, जिथले पाणी साचून राहते आणि जिथे ढिवर मासे धरतात. साचलेल्या पाण्याच्या गाळात जंतू पाऱ्याचे मिथाइल-पाऱ्यात रूपांतर करू शकतात, आणि तो माशांमार्गे माणसांत येतो. जपानमधल्या मिनामाताला १९५६ मध्ये जगाने त्याचे रूप पाहिले. शिवाय पारा ३५७ अंशांना उकळतो आणि चितेची आग त्याहून खूप गरम असते. नागपूरच्या मोक्षधाम किंवा गंगाबाई घाटावर दहन होताना दाढांतला पाराही हवेत जातो. कोणी विचारेल, कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रे उशाशी असताना दाढेतल्या ग्रॅमभर धातूचा एवढा बाऊ का? देशात पाऱ्याचे सर्वांत मोठे उत्सर्जन कोळशातून होते, हे खरेच आहे. पण धूर मोठा आहे म्हणून नळी उघडी ठेवावी, हा युक्तिवाद टिकत नाही. कोळशातला पारा अडवायला कारखाना उभारावा लागतो. दंतखुर्चीखाली पारा अडवणारे यंत्र बसवणे त्याच्या शतांशही अवघड नाही, आणि चांगल्या दर्जाची यंत्रे पंचाण्णव टक्क्यांहून जास्त कण अडवतात.

म्हणून जग जे करते आहे ते योग्य दिशेने आहे. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, ऑगस्ट २०१७ मध्ये अमलात आला, आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. नॉर्वे आणि स्वीडन यांनी तर अमाल्गम आधीच सोडले होते. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून ते बंद केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जिनिव्हात झालेल्या बैठकीत सदस्य राष्ट्रांनी २०३४ पर्यंत ते पूर्ण थांबवायचे ठरवले. प्रश्न उरतो तो त्या जागी काय आणि कसे, हा. लिस्बनच्याच मुलांत सात वर्षांनी अमाल्गमचे ९४.४ टक्के भराव शाबूत होते, कंपोझिटचे ८५.५ टक्के, आणि भरावाच्या कडेने पुन्हा कीड लागण्याचा धोका कंपोझिटमध्ये साडेतीन पट होता. यावर कंपोझिटचे समर्थक म्हणतात, ती साहित्ये जुनी होती. आणि नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, कीड कमी असलेल्या रुग्णांत, बारा वर्षांनी कंपोझिट सरस ठरले. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत आणि दोहोंत विरोध नाही. स्वच्छ, कोरड्या, किडीचा धोका कमी असलेल्या तोंडात आणि सावकाश काम करणाऱ्या हातात कंपोझिट टिकते. पण त्याच्या कडेला फट पडली तर ती बुजवणारा गंज त्याच्याजवळ नाही. ग्लास आयोनोमर दाताला स्वतः चिकटते, फ्लोराइड सोडते आणि हाताच्या अवजारांनी, विजेविना भरता येते. आफ्रिकेत १९८०च्या दशकात त्यावर आधारलेली साधी पद्धत आकाराला आली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. मागच्या दाढेच्या मोठ्या खड्ड्यात मात्र ते अमाल्गमइतके भार सोसत नाही. गंमत अशी, की त्याच यादीत चांदीचाही एक द्राव आहे. तो कीड थांबवतो आणि जागा काळी करून सोडतो.

तेव्हा अमाल्गम जाऊ द्यावे. पण त्याची जागा घेणाऱ्या साहित्यात चुका पोटात घालण्याचा त्याच्याइतका गुण आपोआप येणार नाही, तो विकत घ्यावा लागेल. खऱ्र्याने आखडलेल्या तोंडासाठी वेळ, फ्लोराइडच्या दातासाठी वेगळी तयारी, कोरड्या खड्ड्यासाठी रबर डॅम आणि सहायक, भराव सहा महिन्यांनी पाहण्यासाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य, या सगळ्याची तरतूद २०३४च्या आत झाली नाही, तर बंदीचा खर्च गडचिरोलीचा रुग्ण दुसऱ्यांदा नागपूरला येऊन भरेल, किंवा येणारच नाही आणि दाढ काढून टाकेल. शासनाने आणि विद्यापीठाने पाऱ्याच्या साठ्याचा हिशेब मागण्याआधी या तरतुदीचा हिशेब मांडावा. आणि ज्यांच्या दाढेत जुनी चांदी घट्ट बसलेली आहे, त्यांनी ती केवळ काळी झाली म्हणून उकरून घेऊ नये. कड तुटली असेल, कळ येत असेल किंवा खाली कीड दिसत असेल, तरच काढावी.